सूर तोच, बैठक वेगळी

नवा विद्यार्थी क्लासला येण्याआधी मी त्याच्या आईवडिलांशी फोनवर सविस्तर बोलते. काय गातो हे नंतर. आधी विचारते, कोणता आवाज त्याला सोसत नाही? मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल? घाबरायच्या आधी तो काय करतो? कुठल्या विषयावर तासभर बोलू शकतो? मूल स्वमग्न असो, एडीएचडी असलेलं असो किंवा डिस्लेक्सियामुळे शाळेत मागे पडलेलं असो, प्रश्न हेच. प्रमाणपत्र मी मागत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. गाणं शिकायला अशा कुठल्या यादीत नाव असावं लागत नाही.

मग खोलीची तयारी. गुणगुणणारी ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावलाय. तासापुरती दाराची बेल बंद. तबला चादरीखाली, कारण चाटेवरचा ‘ना’ काही मुलांच्या कानात टोचतो. भिंतीवर चित्रांच्या पट्ट्या: तानपुरा, अलंकार, ताल, बंदिश, घरी. एक भाग संपला की मूल ती पट्टी स्वतः काढून डब्यात टाकतं. पुढे काय येणार हे दिसत राहिलं की धास्ती कमी होते. क्रम बदलायचा असेल तर आदल्या दिवशी कळवते.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या आवाजाचं बटण विद्यार्थ्याच्याच हातात असतं. त्याला हवा तेवढाच तो वाढवतो आणि मग आम्ही ‘सा’ लावतो. एक मुलगा तानपुऱ्यात रमायचा, पण मी पेटीवर गांधार धरला की कान झाकायचा. त्याचा कान बरोबर होता. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याहून पेटीचा गांधार थोडा चढा असतो, कारण पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर बांधलेले असतात. पेटीवरच्या अशाच आक्षेपांतून १९४०पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर तिला बंदी होती. त्या मुलाला मी आता फक्त तानपुऱ्यावर शिकवते. भूप रागातला त्याचा गांधार ऐकण्यासारखा लागतो.

तालाच्या वेळी सगळ्यांनी मांडी घालून बसावं, असा माझा आग्रह नाही. बसणं जिला जमतच नाही अशी एक मुलगी तीनताल चालून शिकली. खोलीच्या चार भिंती म्हणजे चार विभाग, प्रत्येक भिंतीशी चार पावलं, एकूण सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या पावलाला टाळी. नवव्याला खाली, तिथून चार पावलं चवड्यांवर. दाराच्या कोपऱ्यात पोचली की सम. दुसरा एक मुलगा सतत मागेपुढे डुलतो. त्याला थांबवण्याऐवजी मी दादऱ्याची लय त्याच्या डुलण्यावरून घेते आणि त्याच लयीत बोल म्हणते. मग तोही म्हणू लागतो.

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब. डिस्लेक्सिया असलेल्या एखाद्या मुलाच्या डोळ्यांपुढे ही चिन्हं मुंग्यांसारखी पळू लागतात. त्याच्यासोबत मी वही उघडत नाही. आपलं संगीत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं, तबल्याचे कायदेही आधी पढंत करूनच बसवतात. बंदिश पाठ झाल्यावर मोठ्या अक्षरांत, एका वेळी एकच चिन्ह घेऊन लिपी येते.

जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठी मी ओळ अर्धी सोडते. भूपातलं ‘सा रे ग’ म्हणून थांबते आणि मध्यलयीतलं एक पूर्ण आवर्तन, म्हणजे आठ-दहा सेकंद, काहीच बोलत नाही. ‘म्हण ना बाळा’ असं मधेच म्हटलं, तर त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं. थांबलं की बऱ्याचदा पंचम येतो, कधी गुणगुणत, कधी नुसता ओठांवर.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेवर जो निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा वर्षाचा असतानाच अनेक चाली अचूक गुणगुणत असे. अशी उदाहरणं सांगून पालक माझ्याकडे चमत्काराची अपेक्षा धरतात. काही मुलांचा कान खरंच विलक्षण असतो, काहींना ‘सा’ स्थिर करायलाच खूप काळ लागतो. दोघांनाही शिकण्याचा सारखाच हक्क आहे. संगीतोपचार हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. गाण्यामुळे बोलणं सुधारेल, असा शब्द मी कुणाला देत नाही. मी भूप शिकवते, आणि तो नीट शिकवते.

म्हणूनच सुराच्या बाबतीत सवलत नाही. बेसूर झालं तर तसं सांगते, फक्त शब्द नेमके वापरते. ‘मन लावून गा’ यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. ‘धैवत खाली आहे, थोडा वर घे’ यातून कळतं. ‘भाव आण’ऐवजी ‘गांधारावर चार मात्रा थांब, मग रिषभावर ये’ असं म्हटलं की तो थांबतो, आणि जो परिणाम हवा तो गाण्यात येतो.

या पद्धतीला वेळ लागतो. दोन तासांमध्ये अंतर ठेवावं लागतं, विद्यार्थी कमी घ्यावे लागतात, मिळकतही कमी होते. शिकवणाऱ्या मैत्रिणींना मी हे आधीच सांगते. त्यापुढे आणखी एक सांगते: मांडी, नजरेला नजर, गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर गाणं हे आपले शिरस्ते आहेत, ते म्हणजे गाणं नव्हे. माझ्याकडे गुरुपौर्णिमेला कुणी श्रोत्यांकडे पाठ करून गातं, कुणी फक्त आईसमोर. शिरस्ते सैल केले म्हणून एकाही रागाचं काही बिघडलेलं नाही. नेमक्या शब्दांत चूक दाखवण्याची आणि उत्तरासाठी थांबण्याची सवय मला या मुलांमुळे लागली. आता मी माझ्या सगळ्याच विद्यार्थ्यांना तसंच शिकवते.