विश्लेषण : ‘ओपन बॉक्स’ मदरबोर्ड स्वस्त पडतो की महाग?

कमी बजेटमध्ये संगणक जुळवायला निघालेला विद्यार्थी सीताबर्डीत पोहोचतो, तेव्हा त्याच्या हातात भागांची यादी आणि खिशात मोजके पैसे असतात. प्रोसेसर आणि रॅमच्या किमतीत घासाघीस करून फारसे काही हाती लागत नाही. मग दुकानदार कपाटातून आधीच उघडलेला एक खोका काढतो. ‘ओपन बॉक्स आहे, माल नवाच समजा, दीड हजार कमी द्या,’ असे सांगितले जाते. ही सवलत नेमकी कशाबद्दल मिळते आणि तिच्या बदल्यात ग्राहक काय सोडतो, हे समजून घेतले तर सौदा फायद्याचा ठरू शकतो. नाही तर वाचवलेल्या दीड हजारापायी आठ हजारांचा फटका बसू शकतो.

बर्डीतच खरेदी का?

बर्डीचा मेन रोड आणि त्याला लागून असलेल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत कपड्यांपासून मोबाइल व संगणकाच्या सुट्या भागांपर्यंत सारे मिळते. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकावर एकत्र येतात. त्यामुळे हिंगणा मार्गावरील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही येथे येणे सोपे झाले आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस यांच्या तुलनेत हा बाजार लहान आहे. पण ऑनलाइन खरेदीत न मिळणारी एक गोष्ट येथे मिळते. माल हातात घेऊन, दुकानदारासमोर चालू करून पाहता येतो. ओपन बॉक्स मालाच्या बाबतीत हाच सर्वात मोठा फायदा आहे.

‘ओपन बॉक्स’ म्हणजे नेमके काय?

कंपनीचे सील तुटलेला, पण सहसा फारसा न वापरलेला माल, असा या शब्दाचा बाजारातील अर्थ आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र ‘ओपन बॉक्स’ची वेगळी व्याख्या नाही. त्यामुळे एकाच नावाखाली चार-पाच प्रकारचे बोर्ड विकले जाऊ शकतात. ग्राहकाने चुकीचा सॉकेट किंवा आकार निवडल्यामुळे परत केलेला बोर्ड, वाहतुकीत खोका फाटलेला बोर्ड, दुकानात दुसरे भाग तपासण्यासाठी वापरलेला बोर्ड, ऑनलाइन परत आलेला बोर्ड आणि सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्त होऊन आलेला बोर्ड. पहिल्या दोघांत जोखीम कमी असते. शेवटच्या दोघांत ती बरीच वाढते. दुरुस्त बोर्डाला खरे तर ‘रिफर्बिश्ड’ म्हणायला हवे आणि कोणी काही महिने वापरलेल्या बोर्डाला ‘सेकंडहँड’. म्हणून ‘ओपन बॉक्स आहे का?’ यापेक्षा ‘खोका कशासाठी उघडला?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक गल्लत होते ती ई-कॉमर्स कंपन्यांच्या ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’मुळे. तेथे नवा, सीलबंद माल ग्राहकाच्या दारात त्याच्यासमोर उघडून दाखवला जातो. त्याचा आणि आधी उघडलेल्या मालाचा काहीही संबंध नाही.

मदरबोर्डबाबतच एवढी काळजी कशाला?

कॅबिनेट उघडलेले असले तरी बिघडत नाही. कीबोर्ड दोन मिनिटांत तपासता येतो. मदरबोर्डवर मात्र बाकी सारे भाग बसतात आणि त्यातला दोष वरून दिसेलच असे नाही. सर्वात नाजूक जागा म्हणजे प्रोसेसर बसतो तो सॉकेट. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठीच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० बारीक पिना असतात आणि त्या बोर्डावरच असतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये त्या १७१८ आहेत. प्रोसेसर बसवताना हात सटकला तर पिना वाकतात. एखादी वाकलेली पिन रॅमचा एक स्लॉट बंद पाडते, तर कधी बोर्ड चालूच होत नाही. अशी पिन वॉरंटीत बसत नाही. कंपन्या ती ग्राहकाच्या हातून झालेली इजा मानतात.

एएमडीच्या जुन्या एएम४ बोर्डांत मात्र पिना प्रोसेसरला असतात आणि बोर्डावर नुसती छिद्रे. त्यामुळे उघडलेल्या खोक्यातील एएम४ बोर्ड या एका बाबतीत तुलनेने सुरक्षित असतो. शिवाय तो डीडीआर४ रॅमवर चालतो. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले. अशा वेळी घरात जुनी डीडीआर४ रॅम असेल तर ती वापरता येणे, ही बोर्डावरच्या सवलतीपेक्षा मोठी बचत ठरू शकते.

बचतीचे गणित कसे मांडावे?

समजा, एक नवा बोर्ड आठ हजार रुपयांना मिळतो आणि तोच ओपन बॉक्समध्ये, वॉरंटीशिवाय, साडेसहा हजारांना. पाच मित्रांनी असे पाच बोर्ड घेतले तर सर्वांची मिळून बचत साडेसात हजार रुपये होते. त्यातील एकाच मित्राचा बोर्ड बंद पडला आणि त्याला आठ हजारांचा नवा घ्यावा लागला, तर पाचही जणांची बचत संपून वर पाचशे रुपयांचा तोटा होतो. शिवाय बचत पाच जणांत वाटली जाते, फटका मात्र एकालाच बसतो. घरून मोजून पैसे आणलेल्या विद्यार्थ्याला तो झेपेलच असे नाही.

याच बोर्डाला कंपनीची उरलेली वॉरंटी चालू असेल तर गणित बदलते. तेव्हा बोर्ड बिघडला तरी त्रास आणि वेळ जातो, पैसे बुडत नाहीत. थोडक्यात, वॉरंटी असलेल्या ओपन बॉक्स बोर्डावर दीड हजारांची सूट चांगली आहे. वॉरंटी नसेल तर तीच सूट अपुरी आहे.

वॉरंटी कोणाची, कधीपासून?

भारतात अनेक मदरबोर्डांवर तीन वर्षांची वॉरंटी असते. पण ती बोर्डाच्या सिरियल नंबरशी जोडलेली असते आणि काही कंपन्या अधिकृत विक्रेत्याचे बिलही मागतात. पहिल्या ग्राहकाच्या नावे वर्षभरापूर्वी बिल झाले असेल, तर तीन वर्षांतले एक वर्ष आधीच संपलेले असते. परदेशातून परस्पर आणलेल्या बोर्डाला येथील सर्व्हिस सेंटर दारात उभे करीलच याची खात्री नाही. म्हणून सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरच्या फोनवर तपासून घ्यावा. हे काम पैसे देण्यापूर्वी, दुकानात उभे राहून मोबाइलवर करता येते.

बाजारात ‘टेस्टिंग वॉरंटी’ हाही शब्द कानावर येतो. दुकानदार सात, पंधरा किंवा तीस दिवसांत बदलून देण्याची तोंडी हमी देतो, तिला असे म्हणतात. ती वाईट नाही, पण दिवस किती आणि बदल्यात दुसरा बोर्ड मिळणार की पैसे, हे बिलावर लिहून घेतले तरच तिला अर्थ आहे.

दुकानात काय तपासावे?

सर्वात आधी खोक्यावरचा आणि बोर्डावरचा सिरियल नंबर जुळतो का, ते पाहावे. जुळत नसेल तर खोका एकाचा आणि बोर्ड दुसऱ्याचा आहे. मग सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण काढायला सांगून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा. सरळ पिनांवर प्रकाश एकसारखा चमकतो, वाकलेली पिन वेगळी दिसते. कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. हा फोटो दुकानदारासमोरच काढावा. घरी पिन वाकवून आणणारे ग्राहकही असतात, ही दुकानदारांची भीती खोटी नाही. तारीख-वेळ असलेला फोटो दोघांच्याही उपयोगी पडतो.

त्यानंतर बोर्ड उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला पांढरट डाग, नव्याने दिलेले डाग किंवा जळका वास असेल तर बोर्ड दुरुस्त झालेला असण्याची शक्यता मोठी. फुगलेले कॅपॅसिटर असलेला बोर्ड घेऊच नये. मागची पोर्टची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, एम.२ ड्राइव्हचा स्क्रू आणि वाय-फाय बोर्ड असेल तर अँटेना या वस्तू खोक्यात आहेत का ते मोजावे. एम.२चा स्क्रू इवलासा असतो, पण तो नसेल तर ड्राइव्ह नीट बसत नाही.

शेवटची आणि सर्वात महत्त्वाची पायरी म्हणजे बोर्ड चालू करून पाहणे. त्यासाठी चालणारा प्रोसेसर आणि रॅम लागते. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. बोर्ड निर्दोष असूनही तो बंद वाटेल. पडद्यावर बायोस दिसल्यावर रॅम प्रत्येक स्लॉटमध्ये बदलून बसवावी. सर्व यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून पाहावा. बायोसची आवृत्ती टिपून घ्यावी. इंटेलच्या ६०० मालिकेतील चिपसेटच्या जुन्या बोर्डांवर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, किंवा जुन्या एएम४ बोर्डांवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्याशिवाय चालत नाही. प्रोसेसर आणि बोर्ड एकाच दुकानातून घेऊन तेथेच बसवून घेतले, तर हे सारे प्रश्न काउंटरवरच सुटतात.

घरी आल्यावर काय?

दुकानातील दहा मिनिटांच्या चाचणीत बोर्ड तापत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची खरी परीक्षा होते. म्हणून बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी संगणक काही तास जड कामावर चालवून पाहावा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ची मोफत आवृत्ती रात्रभर लावून ठेवता येते. संगणक बंद करून, वीज काढून पुन्हा लावल्यावर तारीख-वेळ चुकत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला आहे. तो बदलणे स्वस्त आणि सोपे असते.

वऱ्हाड-नागपुरात घराघरांत डेझर्ट कूलर असतो. त्याची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येणार नाही, अशी जागा संगणकासाठी निवडावी. ओल आणि धूळ मिळून बोर्डाचे आयुष्य कमी करतात. मग तो नवा असो वा ओपन बॉक्स.

फारच स्वस्त बोर्ड मिळाला तर?

दोन-तीन हजारांच्या घरात ‘नवा’ म्हणून पुढे केला जाणारा बोर्ड कोणत्या चिपसेटचा आहे, हे आधी विचारावे. एच६१ हा चिपसेट २०११चा आणि एच८१ हा २०१३चा आहे. त्यांच्यावर बसणारे इंटेलचे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. ही यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्सवर टायपिंग, ब्राउझिंग किंवा अभ्यास करायचा असेल तर असा बोर्ड चालेल. पण पुढची चार वर्षे वापरायच्या संगणकाचा पाया म्हणून तो स्वस्त नाही.

फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्यातच मोडते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणेही अनुचित प्रथेत येते. म्हणजे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. ‘ओपन बॉक्स, आयओ शील्ड नाही’ असे बिलावर स्पष्ट लिहून माल दिला असेल, तर नंतर शील्ड नसल्याची तक्रार टिकत नाही. त्यामुळे पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि त्यावर सिरियल नंबर, मालाची अवस्था व बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी. यूपीआयने पैसे दिल्याचा संदेश म्हणजे बिल नव्हे. पैसे पोहोचल्याचा तो पुरावा आहे, पण काय घेतले हे त्यातून सिद्ध होत नाही.

पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तेथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे वर्धा किंवा भंडाऱ्याहून येऊन बर्डीत खरेदी करणाऱ्याला नागपूरलाच खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी, उदाहरणार्थ व्हिडीओ संपादनासाठी, संगणक जुळवणारा तरुण ग्राहकच असतो.

मग घ्यावा की नाही?

खोका का उघडला याचे सरळ उत्तर मिळत असेल, कंपनीची वॉरंटी सिरियल नंबरवर दिसत असेल आणि दुकानदार बोर्ड समोर चालू करून दाखवायला तयार असेल, तर ओपन बॉक्स बोर्ड घ्यायला हरकत नाही. या तिन्हींपैकी एकालाही टाळाटाळ होत असेल तर दीड हजार जास्त देऊन सीलबंद बोर्ड घ्यावा किंवा एक पायरी खालचा नवा बोर्ड निवडावा. दुपारी गर्दी नसताना गेले तर दुकानदारालाही बोर्ड लावून दाखवायला सवड असते. सोबत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी नेली, तर तपासणीला नाही म्हणायला त्याच्याकडेही कारण उरत नाही.