फौजा जातात, मागे काय राहतं?

मी राहतो उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये. हे 'कॅम्प' प्रकरण लष्करीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे छावणी बांधली, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. फौज गेली आणि मागे बाजारपेठ उभी राहिली. असं सगळीकडे होत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या कल्याणमधली चार मुलं यात्रेकरूंबरोबर बगदादला गेली आणि आयसिसमध्ये सामील झाली. त्यांतला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी! आता ही आयसिस आली कुठून?

मार्च २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली. मे महिन्यात पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं बेकार, आणि त्यांना येणारं काम एकच, बंदूक चालवणं. यातले काही अधिकारी पुढे आयसिसच्या लढाया आखत होते. तिकडेही एक कॅम्प होता, कॅम्प बुक्का, अमेरिकनांचा तुरुंग. २००४ मध्ये बगदादी तिथे कैदी होता. अतिरेक्यांच्या ओळखीपाळखी अमेरिकेच्याच पहाऱ्यात झाल्या म्हणा ना.

गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर धरला की कानठळ्या बसतात, तोच हा पॉझिटिव्ह फीडबॅक. फौज आली की राग, रागातून हल्ला, हल्ल्यामुळे आणखी फौज. आपणही हे भोगलंय. १९८७ मध्ये भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, ती १९९० मध्ये परतली, आणि २१ मे १९९१ रोजी एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली ती श्रीपेरुंबुदूरला, म्हणजे आपल्या भूमीवर.

पण थांबा, सूत्र एवढं सोपं नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले, तरी कुणी व्हिएतनामी न्यूयॉर्कला स्फोट करायला गेला नाही. उलट २६/११ ला सीएसटीवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या गावात भारताची फौज कधी गेलीच नव्हती. म्हणजे नुसता राग पुरत नाही. तो परदेशात वाहून नेणारी संघटना, पैसा आणि आसरा देणारं कुणीतरी लागतं. अफगाणिस्तानात १९७९ मध्ये रशिया घुसल्यावर अमेरिका आणि सौदीने पाकिस्तानमार्गे हे सगळं पुरवलं. लष्कर-ए-तय्यबाची पाळंमुळं त्याच काळातली.

कल्याणच्या मुलांनीही अमेरिकन सैनिक पाहिला नव्हता. त्यांच्यापर्यंत पोचलं ते इंटरनेटवरून. त्यांतला एकजण नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला, त्याला अटक झाली. तिकडे आपल्याला लढाईऐवजी संडास साफ करायला आणि पाणी भरायला लावलं, असं त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.