विटली कोर्ट : आगीनंतरची पस्तीस वर्षे



आपल्या इंदूरच्या राजवाड्याला १९८४ साली लागलेली आग आमच्या पिढीला अजून आठवते. त्याचा जळालेला मागचा भाग पुढे पुन्हा उभारण्यात आला. परंतु प्रत्येक वास्तूचे भाग्य असे नसते. इंग्लंडमधील अशाच एका हवेलीची माहिती या अंकात आम्ही देत आहोत.

वूस्टरशायर परगण्यात ग्रेट विटली गावाजवळ ‘विटली कोर्ट’ ही हवेली आहे. लोखंडाच्या व्यवसायात धनवान झालेल्या फोली घराण्याने १६५५ साली ही जागीर विकत घेतली. एकोणिसाव्या शतकात ती वॉर्ड घराण्याकडे आली. या घराण्याच्या कोळशाच्या खाणी व लोखंडाचे कारखाने होते. १८५०च्या दशकात विल्यम वॉर्ड यांनी वास्तुकार सॅम्युअल डॉक्स यांच्याकडून जुन्या विटांच्या भिंतींवर बाथच्या दगडाचे आवरण चढवून घेतले आणि हवेलीला इटालियन शैलीच्या महालाचे रूप दिले. बाग नेसफील्ड यांनी आखली. बागेतील पर्सियस व अँड्रोमेडा यांच्या मूर्तींच्या कारंज्याचे पाणी सुमारे १२० फूट उंच उडत असे.

१९२० साली गालिचे बनविणारे कारखानदार सर हर्बर्ट स्मिथ यांनी हवेली विकत घेतली. सप्टेंबर १९३७ मध्ये तिला आग लागली. मोठा भाग जळाला, पण सर्व काही जळाले नव्हते. मालकाने मात्र दुरुस्ती न करता ती विकून टाकली. १९५०च्या दशकात तर जे जे विकण्याजोगे होते ते काढून नेण्यात आले, त्यात छपराचे शिसेही गेले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. छप्पर गेले की पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत शिरते आणि विटा व दगड यांच्या मधल्या सांध्यात मुरते. थंडीत त्याचे बर्फ होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे सांधे सुटतात व दगड निखळतात. त्या फटींत झाडे रुजतात आणि त्यांची मुळे उरलेले काम करतात. म्हणजे आग एका रात्रीची, पण नासाडी वर्षानुवर्षांची.

१९७२ साली सरकारने हे अवशेष ताब्यात घेतले. आज त्यांची देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था करते. मग हवेली पुन्हा का बांधली नाही, असा प्रश्न मुले विचारतील. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. तिचे म्हणणे असे की जुन्याची नक्कल उभारण्यापेक्षा जे उरले आहे ते टिकवावे. जुन्या भिंती टिकविण्यासाठी झाडे काढतात, सैल दगड पक्के करतात, भिंतीचा माथा पाणी मुरणार नाही असा बंद करतात. सांध्यात सिमेंट न भरता चुना भरतात, कारण सिमेंट ओल आत कोंडून ठेवते, चुना ती बाहेर पडू देतो. विटलीचे कारंजेही दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले.

हवेलीला लागूनच असलेले चर्च आगीतून वाचले. त्याचे सोनेरी नक्षीचे छत आजही पाहता येते, कारण त्याच्यावरचे छप्पर शाबूत राहिले. एकाच आवारातील या दोन इमारती पाहिल्या की देखभाल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या शाळेची इमारतही जुनी आहे. पावसाळ्यापूर्वी आम्ही गच्चीची पन्हाळी साफ करून घेतो आणि भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप दिसताच मुळासकट काढतो. मुलांनो, असे रोप किंवा ओलीचा डाग तुम्हाला प्रथम दिसला, तर वर्गशिक्षकांना जरूर सांगा. लहान काम वेळेवर झाले, तर मोठे काम निघत नाही.