एकच प्रथिन, दोन पत्ते

पडद्याच्या कडेला एक ठिपका क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. समोर बसलेल्या ऱ्हीसस माकडाने काही सेकंद नजर मधोमध रोखून ठेवायची आणि खूण मिळताच ठिपका जिथे होता तिकडे डोळे वळवायचे. मधल्या काळात पडदा कोरा असतो, तरीही कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या काही चेतापेशी विद्युतस्पंद सोडतच राहतात. अशा पेशी १९७१ साली पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या. प्रत्येक पेशी ठरावीक दिशेची आठवण धरते, हे १९८९ साली पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. समोर नसलेली गोष्ट मनात धरून ठेवणे हा विचाराचा पाया आहे, आणि तो या पेशींवर उभा आहे.

ही धारणा रसायनांच्या आधाराने चालते. या भागातले डोपामिन नष्ट केले, तर तो भाग कापून काढल्याइतकेच नुकसान होते, हे १९७९ सालीच कळले होते. पुढे एमी आर्नस्टेन यांच्या येल विद्यापीठातील गटाने त्यामागची यंत्रणा उलगडली. पेशीच्या फांद्यांवर बारीक काटे असतात आणि शेजारच्या पेशीचा निरोप मुख्यतः त्यांच्यावर येतो. काट्यात सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढला, की एचसीएन नावाच्या प्रथिनवाहिन्या उघडतात आणि भोक पडलेल्या पाइपातल्या पाण्यासारखा निरोप वाटेतच विरतो. नॉरअॅड्रिनलिन हे रसायन बेताचे असेल, तर ते अल्फा-२ए या ग्राहक-प्रथिनाला जुळून या वाहिन्या मिटवते. तीव्र ताणात मात्र त्याचा पूर येतो, वेगळे ग्राहक जागे होतात आणि पेशी गप्प पडतात. हा शोध प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. याच ग्राहकाला जुळणाऱ्या, मुळात रक्तदाबासाठी असलेल्या ग्वानफासिन या औषधाला २००९ साली अमेरिकेत एडीएचडी हा लक्ष टिकवण्याचा विकार असलेल्या मुलांसाठी मान्यता मिळाली.

प्रथिन पेशीत नेमके कुठे बसले आहे, यावर सारे अवलंबून असते. त्याच माकडाच्या दृष्टिकेंद्रात एचसीएन आणि सायक्लिक एएमपी मोडणारे पीडीई४ए हे विकर प्रामुख्याने निरोप धाडणाऱ्या टोकाला आढळतात. प्रीफ्रंटलमध्ये ती निरोप घेणाऱ्या काट्यांत असतात. पत्ता बदलला की परिणामही उलटतो. सायक्लिक एएमपी वाढल्यावर दृष्टिकेंद्रातल्या पेशी अधिक जोमाने स्पंदतात, प्रीफ्रंटलमधल्या मंदावतात. म्हणून कॉर्टेक्सच्या एका भागाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, उंदराचा माणसाला तर नाहीच नाही.

वय वाढते तसा या व्यवस्थेवरचा लगाम सैल पडतो. तिसऱ्या थरातल्या पिरॅमिड आकाराच्या पेशींत कॅल्शियम आवरून धरणारे कॅल्बिंडिन हे प्रथिन घटते, पीडीई४ए-देखील कमी होते. मग टाऊ प्रथिनावर फॉस्फेट चढू लागते, आणि अल्झायमरच्या वाटेवरची ही सुरुवातीची पायरी आहे. मात्र २०११ सालच्या एका प्रयोगात म्हाताऱ्या माकडांच्या पेशींत सायक्लिक एएमपीचा जोर रोखल्यावर मंदावलेले स्पंद काही अंशी परत आले. म्हणजे जिवंत पेशीला वेळीच सावरता येते.

हे ज्ञान माकडांच्या जिवावर मिळाले आहे, म्हणून ते जपून वापरण्याची जबाबदारीही मोठी आहे. शक्य तिथे मानवी ऊती आणि संगणकीय प्रतिमाने वापरावीत, आणि माकडांवरचा प्रत्येक प्रयोग खरोखर अटळ असावा. संशोधनाचा भर मात्र पेशी मेल्यानंतरच्या उपचारांवरून पेशी अजून जिवंत असतानाच्या रक्षणाकडे वळायला हवा. विस्मरणाशी झुंजणाऱ्या घरांना त्याचाच खरा उपयोग आहे.