एसयूव्हीचे दुसरे टायर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एसयूव्हीच्या टायरचा पहिला संच कारखान्यातच बसवलेला असतो. दुसरा मालकाला निवडावा लागतो. साधारण 40 ते 50 हजार किलोमीटरनंतर ही वेळ येते. दुकानदाराचा सल्ला, मित्राची गाडी आणि दिसण्याची हौस या तिन्हींचा जोर तेव्हाच असतो.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज ‘ऑल टेरेन’ टायरचा. गाडी दणकट, म्हणून नक्षीही दणकटच हवी, असे मानले जाते. ए/टी टायरचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. माती, खडी, ओला मुरूम यांत त्यामुळे पकड मिळते. डांबरावर मात्र त्याच खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी होते, ब्रेक दाबल्यावर ठोकळे वाकतात, आवाज वाढतो, आणि टायर बहुधा जड असल्याने इंधनही जास्त लागते. ओल्या डांबरावरची पकड रबराच्या मिश्रणावर आणि ठोकळ्यांतल्या बारीक चिरांवर बरीच अवलंबून असते. म्हणून पावसाळ्यात घाट चढउतार करणाऱ्या, पण डांबर न सोडणाऱ्या गाडीला हायवे टेरेन, म्हणजे एच/टी टायरच योग्य. शेतापर्यंतचा रस्ता कच्चा असेल तर ए/टीचा खर्च वसूल होतो. तरीही काळ्या मातीचा चिखल खाचांत गच्च बसला की ए/टीसुद्धा गोटा झालेल्या टायरसारखाच जागेवर फिरतो. शिवाय शहरांत दिसणाऱ्या अनेक एसयूव्ही मुळात फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतात. ती उणीव कोणताही टायर भरून काढत नाही.

‘एक साइज वाढवून घ्या’ हा सल्लाही सर्रास मिळतो. टायरवर 215/60 R17 96H असे लिहिलेले असेल, तर रुंदी 215 मिमी, बाजूची उंची त्याच्या 60 टक्के म्हणजे 129 मिमी आणि रिम 17 इंचांची. एकूण व्यास सुमारे 690 मिमी होतो. त्याच रिमवर 225/65 R17 चढवला तर व्यास 724 मिमीवर, म्हणजे जवळपास 5 टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा तेवढ्याच प्रमाणात मागे पडतो, गाडी उचल घ्यायला सुस्तावते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो. रुंद टायर ओल्या रस्त्यावर नेहमीच जास्त पकडतो, हेही खरे नाही. साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

शेवटचा 96H सहसा कोणी वाचत नाही. 96 म्हणजे एका टायरने पेलायचे कमाल वजन 710 किलो, H म्हणजे कमाल वेग ताशी 210 किमी. रस्त्यावरची मर्यादा 120 असताना 210 कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण हे अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नये.

उष्णतेचा सर्वांत धोकादायक गैरसमज हवेबाबत आहे. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर, त्यातही उन्हाळ्यात, हवा कमी ठेवली म्हणजे टायर फुटत नाही, असे अनेक चालक मानतात. घडते नेमके उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते आणि आतले थर सुटू लागतात. तापल्यावर दाब वाढतो हे खरे, 10 अंशांमागे साधारण 2 पीएसआय. पण टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेली असते. भरायचा दाब दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. नायट्रोजनचा गाजावाजा त्या मानाने फुकटच म्हणायचा, कारण साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो.

न वापरलेला टायर जुना होत नाही, ही समजूतही चुकीची आहे. बाजूवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते : 2325 म्हणजे 2025चा 23वा आठवडा. गोदामात सावलीत काही महिने राहिलेला टायर नाकारण्याचे कारण नाही. मात्र काही वर्षांत रबर कडक होते, आणि हे डिकीतल्या स्टेपनीलाही लागू आहे.

दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे पुढे बसवण्याची पद्धत आहे. टायर कंपन्या मात्र ते मागे बसवायला सांगतात. पुढची चाके घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गाडी बहुधा सावरते. मागची घसरली तर ती गर्रकन फिरते. कायमस्वरूपी चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकदमच बदलावेत. झिजलेला आणि नवा यांच्या व्यासातला फरक डिफरन्शियलवर सतत ताण आणतो.