मैफल कितीला सुटली?

दादरचा किंवा पार्ल्याचा रसिक गाणे ऐकून घरी परतला, की घरचे विचारतात, ‘काय गायले?’ आमच्या राहनाळला पहिला प्रश्न असतो, ‘कितीला सुटली?’ काय गायले हे सकाळी चहाच्या वेळी सांगितले तरी चालते. दहाच्या आत सुटली असेल तर माणूस ठाण्याहून बाळकूम, कशेळी, काल्हेर असे करत अंजूरफाट्यापर्यंत शेअर रिक्षाने येतो. अकरा वाजले तर रिक्षावाला ‘पूर्ण सीट’चे पैसे मागतो. साडेअकरानंतर मागायलाही कोणी नसतो. भिवंडी रोड नावाचे रेल्वे स्टेशन आम्हाला आहे, पण ते वसई-दिवा मार्गावरचे. दिवसाकाठच्या मोजक्या गाड्यांवर चालणाऱ्या त्या स्टेशनाचा भैरवी ऐकून परतणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

ही कुरकुर नव्हे. राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर हा सारा पट्टा एकेकाळी भातखाचरांचा होता. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यांना परवडत होते, म्हणून इथे गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढलीही. देशभरातल्या घराघरांत जाणारी पार्सले इथून निघतात. एकही कार्यक्रम मात्र इथे उतरत नाही! गाणे ऐकायचे तर बाहेर जायचे, हे इथल्या कानसेनाने जन्मतःच मान्य केलेले असते.

माझी एक वही आहे. वर्षभरात समोर बसून ऐकलेल्या प्रत्येक मैफलीची तीत नोंद असते: राग, ताल, सोबत कोण, श्रोते किती, आणि अर्थातच कितीला सुटली. ध्वनिमुद्रिका, कॅसेट, मोबाइल यांवर ऐकलेले या वहीत येत नाही. वर्ष सरले की त्यातल्या चार-पाच मैफलींपुढे लाल टिंब द्यायचे, हा माझा खासगी पुरस्कार सोहळा. या वहीतले २०२४ चे पान मी पुन्हा पुन्हा उलटतो, कारण तसे वर्ष फार क्वचित येते. त्या एका वर्षात तीन शताब्द्या आल्या. कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ चे, राम मराठे २३ ऑक्टोबर १९२४ चे आणि सी. आर. व्यास ९ नोव्हेंबर १९२४ चे. सात महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही तीन माणसे, आणि तिघांचे गाणे तीन वाटांनी गेलेले.

आणि त्याच वर्षाने घेतलेही तितकेच. ९ जानेवारीला उस्ताद रशीद खाँ गेले, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. त्यानंतर चारच दिवसांनी, १३ जानेवारीला, डॉ. प्रभा अत्रे गेल्या. त्यांचे वय ९१ होते, आणि त्या दिवशी त्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून मुंबईला निघणार होत्या. एक्क्याण्णवाव्या वर्षी गाण्यासाठी प्रवासाची तयारी! आम्ही बाळकूम नाक्यावर रिक्षा मिळत नाही म्हणून हळहळणारे लोक. ही बातमी वाचल्यावर त्या वर्षी निदान अंतराची सबब सांगायची नाही, एवढे मनाशी ठरवले.

पहिले लाल टिंब एप्रिलातले. कुमारजींच्या शताब्दीनिमित्त मोठ्या सभागृहांत पुष्कळ कार्यक्रम झाले, पण माझे टिंब कल्याणातल्या एका घरगुती बैठकीला आहे. दिवाणखान्यात चाळीस माणसे, त्यातली दहा जिन्यात. (गायकाचे नाव देत नाही. तरुण माणूस आहे. एका श्रोत्याच्या वहीतल्या टिंबाचे ओझे त्याच्यावर कशाला?) त्याने कुमारजींची नक्कल केली नाही, हे मला फार आवडले. कुमारजींना क्षयाने गाठले, १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षे गाणे बंद राहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आजारातून उठल्यावर त्यांच्या गाण्यात लहान लहान, झेप घेणारे स्वरसमूह दिसू लागले. त्यांच्यामागे त्यांचा विचार होता आणि त्यांचा श्वासही होता. नकलाकार नेमका तो तुटलेला श्वास उचलतात. धडधाकट फुप्फुसांचे गायक दम लागल्यासारखे गातात! या मुलाने बंदिश कुमारजींची घेतली आणि श्वास स्वतःचा. पावणेनऊला बैठक आटोपली. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, राजनोली नाका असे करत दहाच्या आत घरी. वहीत ‘सुटण्याची वेळ: उत्तम’ असा शेरा आहे.

कल्याणचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ठाणे जिल्ह्याला मुंबईची सावली म्हणण्याची पद्धत आहे, पण गाण्यापुरती ती चुकीची आहे. कल्याण गायन समाज ही संस्था १९२६ ची. भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला तो १९११ मध्ये, म्हणजे कल्याणकर पुण्याच्या अवघे पंधरा वर्षे मागे होते. आणि राम मराठे तर ठाण्याचेच झाले. ‘गोपालकृष्ण’ या १९३८ च्या प्रभातपटात कृष्ण झालेला हा मुलगा पुढे बुलंद गवई झाला, नट झाला, १९६३ च्या ‘मंदारमाला’चा संगीतकार झाला. त्यांच्या नावाचा महोत्सव ठाणे महापालिका भरवते, तो गडकरी रंगायतनात. आमच्या दृष्टीने ही जवळची जागा; इंटरव्हल आवडला नाही तर घरी येऊन जेवता येते.

रामभाऊंच्या शताब्दीच्या दिवसांत ठाण्यात ऐकलेल्या एका मैफलीला दुसरे टिंब आहे, तेही गंमतीने. त्या संध्याकाळी गायिकेने जोगकंस घेतला. हा राग रूढ केला तो जगन्नाथबुवा पुरोहितांनी, म्हणजे ‘गुणीदासां’नी. राम मराठे आणि सी. आर. व्यास हे दोघेही त्यांचे शिष्य. व्यासबुवांनी १९७७ पासून मुंबईत गुणीदास संमेलन भरवले ते याच गुरूच्या स्मरणार्थ. तर हा जोगकंस खरा उत्तररात्रीच्या वळणाचा, आणि तो सुरू झाला पावणेआठला. गायिका सुरेख गायली. पण बाहेर तलावपाळीवर भेळवाल्यांची ऐन गर्दी, आत जोगकंस! सोबतचे गृहस्थ कानात म्हणाले, ‘काय करणार, दहाला हॉल रिकामा करून द्यायचाय.’

इथे थोडे थांबायला हवे, कारण गेल्या पाव शतकात आपल्या मैफलीत झालेला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही बारापर्यंतच, सवलत देण्याची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बंदीवर शिक्कामोर्तब केले. बंदिस्त सभागृहांना नियमाने मोकळीक आहे, पण सभागृहांना सत्रे असतात, रखवालदार असतात, आणि श्रोत्यांना शेवटची गाडी असते. नियम चांगला आहे. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला कर्ण्याचा जाच काय असतो, हे कोणी शिकवायला नको. पण त्या नियमाने रागांच्या घड्याळाचा एक तुकडा कापून नेला, हेही खरे.

याचा पुरावा पाहायचा तर पुण्याला जावे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. तो रात्रभर चालायचा. रमणबागेत शाली पांघरून बसलेली माणसे, मध्यरात्रीचा दरबारी, मालकंस, पहाटेचा ललित, आणि उजाडता उजाडता भीमसेनजी, या आठवणी सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे. दहाच्या नियमानंतर महोत्सव दिवसाकडे सरकला. २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला. लोक हळहळतात ते अडाण्यासाठी, शहाण्यासाठी, सोहनीसाठी.

पण मला मिळाले काय, तेही सांगतो. सत्तरावा महोत्सव १८ ते २२ डिसेंबर २०२४ असा होता. कल्याणहून सकाळची इंद्रायणी पकडायची, मित्राकडे पिशवी टाकायची आणि दुपारी मंडप गाठायचा. दुपारी तीन-चारला जो पहिला गायक बसतो त्याच्या वाट्याला भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती येतात. उन्हे उतरली की पूरिया, मारवा, श्री. रात्री नऊला तंबोरे जुळवायचे त्या जुन्या काळात हे राग महोत्सवाला ऐकायला मिळणेच शक्य नव्हते. मुलतानीतला तो कोमल गंधार, चार वाजता, कनातीतून तिरपे ऊन आत येत असताना! कायद्याने मध्यरात्र नेली आणि दुपार दिली. सौदा तोट्याचा आहे, पण अगदीच फुकट गेला असे नाही. शिवाय दुपारी मंडप भरलेला नसतो. पहिल्या तासातला गायक बहुधा तरुण असतो, जीव तोडून गातो, आणि पुढच्या रांगांत बसायला मिळते. माझे तिसरे टिंब अशाच एका दुपारीचे.

त्या वर्षी मंडपात आणखी एक गोष्ट होती. उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. महोत्सव सुरू व्हायला तीन दिवस होते. फेब्रुवारीत तीन ग्रॅमी घेतलेला माणूस डिसेंबरात नाही. चहाच्या रांगेत, पुस्तकांच्या टेबलाशी, जिथे तिथे तेच नाव. माझ्यासारख्यांना ते आठवतात ३ फेब्रुवारीचे, षण्मुखानंद सभागृहातले. उस्ताद अल्लारखाँची ती पुण्यतिथी. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारा तो दिवस म्हणजे आम्हा दूरच्या लोकांवर उपकारच होता, कारण उशिरा सुटण्याची भीती नव्हती. लवकर निघायचे होते इतकेच. आणि पहाटे चारला राहनाळहून निघणे सोपे असते. रात्रपाळीचे टेम्पो गोदामांतून भरून बाहेर पडत असतात. ‘तबला ऐकायला चाललोय’ म्हटले की चालक आधी तोंडाकडे बघतो, मग दार उघडतो. पावणेतीन हजार खुर्च्यांच्या त्या सभागृहात सकाळी साडेसहाला एवढी माणसे पाहिली, की शास्त्रीय संगीताला श्रोता नाही म्हणणाऱ्यांची कीव येते.

आता चौथे टिंब. हे राहनाळचेच आहे, आणि पहिला क्रमांक द्यायचा झाला तर मी यालाच देईन.

ठाणे-रायगडच्या आगरी गावांत संगीत भजनाचे वेड फार जुने. हे भजन म्हणजे नुसता टाळांचा गजर नव्हे. बुवा पेटीवर बसतात, पखवाजी बोलाला बोल देतो, अभंग रागात बांधलेला असतो आणि वेळेप्रमाणे राग बदलतो. भातखंड्यांचे नाव न ऐकलेली माणसे प्रहर चोख पाळतात. सप्ताहातला जागर होता. थंडी होती. नऊला रूपाचा अभंग झाला तेव्हा कर्णे चौफेर लावलेले, आवाज फाटलेला, पखवाजाचा नुसता धबधबा. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो, खरे तर कंटाळलो होतो. दहाला नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद झाला. निम्मी माणसे उठून गेली. कोणीतरी विचारले, आता थांबवायचे का? बुवा म्हणाले, ‘माईक बंद झायला, गला नाय बंद झायला.’

आणि मग गाणे सुरू झाले. कर्णा गेल्याबरोबर पखवाजाच्या धुमेला शाईच्या बाजूपासून वेगळे ऐकता येऊ लागले. पेटी मागे गेली. मागच्या टाळकऱ्यांनी टाळ आवरते घेतले, कारण आता बुवांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकायचा होता. पन्नाशीतला माणूस, दिवसा गोदामात मालाची नोंद ठेवणारा. आवाज थोडा जाड, वरचा षड्ज मात्र नेमका. साडेबाराच्या सुमाराला त्यांनी मालकंसात अभंग धरला. मालकंस मी त्या वर्षी आणखी दोनदा ऐकला होता, नामवंतांचा, ध्वनिवर्धकावर, रात्री आठला. त्याच्या वेळेला, माणसाच्या उघड्या गळ्यातून ऐकला तो हा एकदाच. दूर कुठेतरी लूमची खटखट चालू होती. ती आणि पखवाज यांची लय जुळत नव्हती, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नव्हते. ख्यालगायकाची फिरत बुवांकडे नव्हती हे मान्यच. पण मध्यमावर येऊन ते जे थांबत, ते थांबणे मला सबंध वर्षात दुसरीकडे मिळाले नाही.

पहाटे भैरवी झाली, प्रसादाचा शिरा वाटला गेला. मी बुवांजवळ बसून पुण्याच्या महोत्सवाची हकिकत सांगत होतो: हजारो श्रोते, केवढा मंडप, पूर्वी रात्रभर चालायचा तो आता रात्री दहाला, फार तर एखाद्या दिवशी बाराला, ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर कसा संपतो. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग विचारले, ‘मंग बिगर माईकचं नाय गात?’

हजारो माणसांना बिगर माईकचे ऐकू जाणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पेटीचा भाता बांधला, आणि सातला गोदामाचे शटर उघडायचे असते म्हणून चपला शोधायला लागले.