घर वटारला, पाणी वाडीतलं

नालासोपारा किंवा विरार स्थानकाच्या पश्चिमेला उतरून किनाऱ्याच्या दिशेनं निघालं की इमारतींची दाटी थोड्याच वेळात ओसरते आणि सत्पाळा, नंदाखाल, वटार, राजोडी ही गावं लागतात. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, फुलझाडं, कुठे अंगणात क्रूस, कुठे तुळशीवृंदावन, आणि पलीकडे सुरूच्या झाडांआड समुद्र. घरांच्या जाहिरातींत हा सगळा ऐवज 'निसर्गरम्य परिसर' एवढ्यावर भागवला जातो. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांचा मागोवा घेतला तर दिसतं की हा परिसर निसर्गानं जेवढा दिला, तेवढाच तो माणसांनी भांडून राखला, आणि त्या भांडणाच्या मुळाशी पाणी होतं. वटारसारख्या गावात घर घेणारा पैसे मोजतो समुद्राचे. त्याच्या पदरात पडतं ते शेजारच्या वाडीनं जमिनीत जपलेलं गोडं पाणी, तिच्या उघड्या मातीत जिरणारा पाऊस आणि वाडीवाल्याचा 'विकणार नाही' हा हट्ट. खरेदीखतात यातल्या कशाचीच नोंद नसते.

या पट्ट्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. हा थर जाड राहण्यासाठी दोन गोष्टी लागतात: दरवर्षी पाणी मुरायला मोकळी जमीन आणि उपसा बेताचा. वाडीवाल्यांनी या दोन्हींची सोय पिढ्यानपिढ्या करून ठेवली होती. वाड्यांमध्ये खणलेली बावखलं पावसाचं पाणी धरून ठेवत आणि विहिरींना पाझर देत. राहाट बैलाच्या चालीनं चाले, त्यामुळे उपशाला आपोआप मर्यादा असे. विजेचा पंप आला तशी ती मर्यादा गेली. तरीही पाणी त्याच जमिनीत परत जात होतं, तोवर हिशेब कसाबसा जुळत होता. तो बिघडला टँकरनं. नव्वदच्या दशकात नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार इथं उभ्या राहिलेल्या वसाहतींना नळ नव्हते. त्यांच्या टाक्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरींवर भरल्या जाऊ लागल्या. गोडा थर पातळ झाला की विहिरीला खार लागतो. खार लागलेल्या विहिरीवर पानवेल जगत नाही, आणि वाडी मेली की ती जागा विकायला काढण्यावाचून मालकापुढे फारसं काही उरत नाही. इमारतीच्या तहानेतून पुढच्या इमारतीसाठी जमीन मोकळी होत गेली, ती अशी.

रेल्वेला दोष देण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून धावते आणि १९३६ पासून ती विजेवर धावते आहे. इतकी वर्षं त्या गाडीनं वसईची भाजी, केळी, पानं आणि फुलं मुंबईच्या बाजारात पोचवली. रेल्वेनं वाड्या मोडल्या नाहीत, उलट पोसल्या. चित्र बदललं ते मुंबईतल्या घरांच्या कोंडीमुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्यानं देण्यासाठी घरं बांधणं मालकांना परवडेनासं झालं, १९८२ च्या संपानंतर गिरणगावचा कणा मोडला, आणि लालबाग-परळची खोली सोडून आलेल्या पैशात नालासोपाऱ्याला वन-रूम किचन मिळू लागलं. ही गरज खरी होती. तिला उत्तर म्हणून १९८८ मध्ये राज्य सरकारनं वसईतली हजारो हेक्टर हिरवी जमीन बांधकामाला खुली करायचं ठरवलं आणि १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. याच काळात हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. तिचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वटारच्या शेजारच्या नंदाखालचे. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं. वसईनं त्यांना ओळखलं ते टँकर आणि बिल्डर यांच्याविरुद्ध हिंदू-ख्रिस्ती वाडीवाल्यांना एका मोर्चात आणणारा धर्मगुरू म्हणून. समितीला सगळं थोपवता आलं नाही, हे उघड आहे. पण पश्चिम पट्ट्याचा मोठा भाग हरित क्षेत्र म्हणून टिकला, यात तिचा वाटा मोठा आहे.

या लढ्याची दुसरी फेरी ३ जुलै २००९ ला सुरू झाली. त्या दिवशी चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. वटारच्या परिसरातल्या गावांना आपली ग्रामपंचायत जाणं नको होतं. शहरात गेलो की हरित पट्टाही जाणार, ही भीती त्यामागे होती. २०११ मध्ये सरकारनं २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, पालिका न्यायालयात गेली, प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळलं आणि अखेर २०२४ मध्ये सरकारनं गावं पालिकेतच ठेवली. दरम्यान २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. इतक्या मोठ्या शहराच्या कडेला हिरवं काही उरलं असेल, तर त्यामागे चुकून झालेलं काहीच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वाडीवाल्यांचा हा हट्ट म्हणजे जमीनदारांनी घर नसलेल्यांची वाट अडवणं आहे. आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण घर नसलेल्या माणसाला या काळात प्रत्यक्षात काय मिळालं, ते पाहावं. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानं २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या आणि घरं घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण मेले. तीही इमारत अनधिकृत होती. या माणसांचं घर वटारच्या केळीनं अडवलेलं नव्हतं. राखीव जमिनीवर बांधू देणाऱ्यांनी त्यांना फसवलं. पश्चिमेच्या वाड्या बिल्डरांना खुल्या झाल्या असत्या, तर तिथं स्वस्त चाळी नव्हे, शनिवार-रविवारची सेकंड होम आणि रिसॉर्ट उभी राहिली असती. कळंब, राजोडी, अर्नाळ्याचा किनारा पाहिला की एवढा अंदाज कुणालाही करता येतो.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो, आणि तो अधिक अवघड आहे. वाडी परवडत नाही, भावाभावांत वाटण्या होऊन गुंठे उरलेत, मुलं नोकरीला गेली. बाहेरच्यांच्या डोळ्यांना हिरवं दिसावं म्हणून आम्ही का राबायचं? प्रश्न रास्त आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यामुळे वाडीच्या जमिनीला सरळ गिऱ्हाईक मोजकं. आडवाटेनं होणारे व्यवहार मात्र थांबत नाहीत. म्हणजे कायदा वाडीवाल्याला विकूही नीट देत नाही आणि वाडी राखल्याचा मोबदलाही देत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. इमारतीला विकासशुल्क आहे, घराला मालमत्ता कर आहे. पण बावखल न बुजवता राखणाऱ्याला कराच्या सवलतीइतकंही काही नाही.

तिसरा आक्षेप असा, की आता सूर्या धरणाचं पाणी आलंय, तेव्हा विहिरींचा विषय संपला. सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला दिवसाला १८५ दशलक्ष लिटर पाणी ठरलं आहे, आणि ते यायला लागल्यानं मोठा दिलासा मिळाला, हे मान्य. वटारपासून जवळच असलेल्या बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाविना पडून होती, त्यामागचं एक मोठं कारण पाणी हेच होतं. ही घरं सरकारी आणि कागदपत्रं चोख असलेली. तरी पाण्याविना लोकांनी ती घेतली नाहीत. म्हणजे पाण्याची किंमत ग्राहकाला कळते, फक्त ते नळाला येतं की नाही एवढ्यापुरती. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याची किंमत जुलै २०१८ मध्ये कळली. तेव्हा वसई, नालासोपारा, विरारचे अनेक भाग दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिले, रेल्वे ठप्प झाली, वीज गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण बुजलेले नाले, भराव घातलेल्या पाणथळ जागा आणि सिमेंटखाली गेलेली माती यांनीही पाणी अडवलं. सूर्याचं पाणी नळातून येईल. पावसाचं पाणी कुठे जाईल, याचं उत्तर त्या योजनेत नाही.

निर्मळची कार्तिकातली जत्रा, नंदाखालच्या चर्चचा सण, कादोडी आणि वाडवळी बोलीत चालणारा बाजार, पहाटेच्या लोकलनं दादरला जाणारी फुलं, उन्हात सुकणारी सुकेळी, असं इथलं जगणं अनुभवायला लोक येतात ते चांगलंच आहे. हे जगणं वाडीला बांधलेलं आहे, एवढं मात्र घर बघताना विचारात घ्यायला हवं. सुकेळ्यांना राजेळी केळी लागतात आणि केळीला गोडं पाणी.

आता तिसरी फेरी येते आहे. उत्तन-विरार सागरी सेतू झाला तर मुंबईपासूनचं अंतर वेगळ्याच हिशेबानं मोजलं जाईल, आणि नुसत्या बातमीनंही भाव हलतात. वसई-विरार उपप्रदेशाच्या विकास आराखड्याची मुदत २०२१ मध्ये सरली आहे. नव्या आराखड्यात पश्चिम पट्ट्याचा रंग हिरवा राहतो का, बावखलं जलसाठे म्हणून गट क्रमांकासह नोंदली जातात का आणि ती राखणाऱ्या मालकाला बदल्यात काय मिळतं, या तीन नोंदींवर वटारमधल्या घरांचं पुढच्या वीस वर्षांचं मोल ठरेल. हरकती-सूचनांची मुदत जाहीर होईल तेव्हा वाडीवाले अर्ज घेऊन रांगेत असतीलच, ते त्यांना नवं नाही. इथं फ्लॅट घेतलेल्या सोसायट्यांनी मात्र आजवर अशा रांगेत फारसं पाऊल ठेवलेलं नाही.